ॲप्रनच्या आधी फाईल

२०२५ च्या जूनमधली दुपार. ओपीडी उरकत आली होती. शेवटच्या नंबरचे गृहस्थ आत आले, पण ते आजारी नव्हते. खांद्यावर घोंगडं, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मागे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी असलेली मुलगी. "डॉक्टर, पोरगी नीट पास झाली. आता कुठल्या कॉलेजात घालायची तेवढं सांगा." निकालाची प्रिंट घडी करून वरच्या खिशात ठेवलेली. ७२० पैकी २३१. नेट कॅफेवाल्यानं 'क्वालिफाय झाली' म्हणून सांगितलं होतं आणि तेवढ्यावर गावानं सत्कारही उरकला होता. बाप मेंढरं राखतो, आईला सही येते, बारावीच्या पुढे घरातलं कुणी गेलेलं नाही.

पेढा तोंडात होता, त्यामुळे पुढचं सांगायला जरा वेळ लागला.

त्या वर्षी नीटला २२ लाखांवर मुलं बसली आणि १२ लाखांवर मुलं 'क्वालिफाय' झाली. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती, राखीव गटांसाठी ११३ वर. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे क्वालिफाय होणं ही रांगेत उभं राहायची परवानगी झाली. दुसरं, नुसत्या गुणांवरून काही ठरवू नका. २०२४ ला सहाशेच्या वर गुण मिळवूनही खुल्या प्रवर्गातली कितीतरी मुलं सरकारी जागेला मुकली. २०२५ चा पेपर अवघड निघाला, तर त्याहून बरेच कमी गुण पडलेल्यांना जागा मिळाल्या. शेजारच्या गावच्या मुलाला गेल्या वर्षी अमुक गुणांवर लागलं, ही माहिती यंदा निरुपयोगी असते. आपल्या प्रवर्गात, आपल्या राज्यात कितव्या रँकपर्यंत जागा गेल्या, ते बघायचं.

हे सगळं डॉक्टरांच्या किंवा प्राध्यापकांच्या घरातल्या मुलाला जेवताना कळतं. आपल्या घरात ते विचारायला कुणी नसतं. मीही घरातला पहिलाच. वडील बाजार समितीत हमाल होते. इतकी वर्षं अशा मुलांच्या फायली बघतोय, त्यावरून एक सांगतो: यांचं घोडं अभ्यासात अडतं त्याहून जास्त कागदात अडतं. म्हणून आधी कागदांचं बोलू, अभ्यासाचं नंतर.

अकरावीला सायन्स घेतलं की त्याच महिन्यात एक जाड फाईल घ्या. दहावीचा दाखला आणि गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारच्या पोर्टलवरून निघतं, फारसा त्रास नसतो. राखीव प्रवर्गात असाल तर उपविभागीय अधिकाऱ्यांचं जात प्रमाणपत्र, आणि एससी-एसटी सोडून बाकीच्यांना नॉन क्रीमिलेयर. हा शेवटचा कागद ३१ मार्चला संपतो, त्यामुळे मुदत बघत राहा. आणि मग येतो तो खरा घाट: जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात.

व्हॅलिडिटीसाठी समितीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला. आता जी मुलगी घरात पहिल्यांदा कॉलेजात चाललीय, तिच्या आजोबांनी शाळा बघितलेली असायची शक्यता किती? ज्यांना या सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच तो कागद नसतो. यातला विनोद मला अजून पचलेला नाही.

दाखला नसला म्हणून हात टेकू नका. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा. ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. त्यात बापाचं नाव, जात आणि 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढंच सापडतं. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण बारसं व्हायचं असायचं. नक्कल मागताना जन्माचं अंदाजे साल आणि गाव सांगावं लागतं, म्हणून आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. दुष्काळाच्या वर्षी की त्याच्या आदल्या वर्षी, अशा खुणांवरून साल काढता येतं. नोंद मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून वाचून घ्यावी लागते. आजोबा शाळेत गेले नसले तरी त्यांचा एखादा चुलत भाऊ दुसरीपर्यंत गेलेला असू शकतो; त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा चालतो. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, काकाला किंवा चुलत भावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर अर्धा गड तिथंच सर होतो. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर ते आधी सुरू करा. चेष्टा करत नाही. बांधाच्या भांडणापायी चुलत्यानं झेरॉक्स दिली नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत.

अर्ज ऑनलाइन असतो. सोबत कॉलेजचं पत्र लागतं, आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्रही. कागद संशयास्पद किंवा अपुरे वाटले तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं, आणि मग महिने जातात. म्हणून अकरावीत सुरुवात करा. अर्जाची पावती दाखवून मुदत वाढवून मिळते, हे काही वर्षी खरं ठरलं आहे. त्या भरवशावर राहू नका.

नावातल्या चुका आताच दुरुस्त करा. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर आडनावात एक वेलांटी दीर्घ होती, माझ्या दाखल्यावर ऱ्हस्व. एका कार्यालयानं या वेलांटीपायी मला पाच हेलपाटे घालायला लावले. प्रत्येक हेलपाट्याला वडिलांची एक दिवसाची हमाली बुडायची. पाचव्या खेपेला टेबलामागचा माणूस बदलला होता. त्यानं प्रतिज्ञापत्र घेतलं आणि दहा मिनिटांत काम झालं. पहिल्या दिवशीच कुणीतरी 'प्रतिज्ञापत्र आण' एवढं सांगितलं असतं तर! तेव्हापासून मी कुठल्याही खिडकीवर 'होणार नाही' ऐकलं की विचारतो, काय आणलं म्हणजे होईल? तुम्हीही विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून मागा.

आणखी एक गोंधळ, ज्यात शिकलेलेही फसतात. केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी ही केंद्राची समिती भरते, उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. एकीकडे केली की दुसरीकडे आपोआप होत नाही. राज्यात जो एनटी-सी, म्हणजे भटक्या जमाती-क, तो केंद्राकडे ओबीसी असतो, आणि त्याला केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. राज्यातला एसईबीसी प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीच. तिथं ती मुलं खुल्या गटात, किंवा निकषात बसत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये. नीटचा फॉर्म भरताना केंद्राची यादी समोर ठेवा.

फॉर्म नेट कॅफेत भरत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. हसू नका. कॅफेवाला सोयीसाठी आपला नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे आणि ऐन प्रवेशफेरीत तो लग्नाला गेलेला. पासवर्ड फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

आता अभ्यास. इथं मी थोडक्यात आटोपतो, कारण यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. १८० प्रश्न, तीन तास. जीवशास्त्राचे ९०, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट. आपल्याकडची मुलं पडतात ती भौतिकशास्त्रात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आठवी-नववीचं गणित असतं. ते मान्य करून मागे जाऊन नववीचं पुस्तक उघडायला लाज वाटते. ती लाज सोडली त्यांचे गुण वाढलेले मी पाहिलेत. पेपर मराठीतूनही घेता येतो, पण अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत शिकल्यावर मराठीतल्या संज्ञा परक्या वाटतात, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तरीही मी इंग्रजी पेपर घ्यायला सांगेन. नीटच्या नादात बारावी सोडू नका; फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के लागतातच.

लातूरला जायचं का? सगळे विचारतात. तिथं वातावरण आहे, शिस्त आहे, शिक्षक चांगले आहेत. पण क्लासची फी, खोली आणि मेस यासाठी जमीन गहाण पडणार असेल, तर आधी फुकटच्या वाटा बघा. महाज्योती ही संस्था ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर ऑनलाइन शिकवणी, टॅब आणि डेटा देते. पुण्यात मेडिकलच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केलेली लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट ही संस्था गरीब मुलांना विनामूल्य शिकवते, मेळघाटातल्या आदिवासी मुलांपर्यंत ती पोचली आहे. नवोदयमध्ये असाल तर मोफत शिकवणीसाठीच्या दक्षणा फाउंडेशनच्या परीक्षेची चौकशी मुख्याध्यापकांकडे करा. धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल वस्तीतले डॉ. राजेंद्र भारूड नवोदयमधूनच मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात पोचले आणि पुढे आयएएस झाले. नवोदयचा फॉर्म पाचवीत भरायचा असतो, म्हणून हे वाचणाऱ्याची धाकटी भावंडं असतील तर त्यांच्यासाठी हे वाक्य.

निकाल लागला की फोन यायला लागतात. त्या मुलीच्या बापालाही आले. 'दोनशे एकतीस? हरकत नाही, परदेशात एमबीबीएस करून देतो.' तिकडे शिकून आल्यावर इथं प्रॅक्टिस करायला एफएमजीई नावाची परीक्षा लागते, आणि दर खेपेला तिच्यात बहुसंख्य मुलं नापास होतात, ही गोष्ट फोनवर सांगत नाहीत. दुसरे म्हणतात, 'संस्था कोट्यात सीट करून देतो, टोकन द्या.' प्रवेश गुणवत्तेच्या यादीतून आणि अधिकृत फेऱ्यांतून होतो. मध्ये हात घालायला कुणाला जागा नाही. टोकन देऊ नका.

प्राधान्यक्रम भरताना भीड बाळगू नका. सर्वांत हवं असलेलं कॉलेज सर्वांत वर. यादी वरून खाली वाचली जाते, त्यामुळे वर अवघड कॉलेज टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. घराजवळचं म्हणून एखादं महागडं खाजगी कॉलेज मात्र वर टाकू नका; लागलं तर फी कोण भरणार? सरकारी कॉलेज गडचिरोलीला असो की सिंधुदुर्गला, आपल्यासारख्यांनी ते आधी घ्यावं. 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म भरला की आहे ती जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद, हे समजून मगच सही करा. प्रवेश घेताना मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. आधी सगळ्याचे चार-पाच झेरॉक्स संच करा, मोबाइलमध्येही स्कॅन ठेवा.

पैशाचं. राज्यातल्या सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास जाते. आकडा ऐकून घाबरलेला बाप मुलीला परत घेऊन जातो, म्हणून हे मोठ्यानं सांगतो: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, वैद्यकीयलाही. प्रवेश मात्र अधिकृत फेरीतून झालेला हवा. एससी, एसटी, विमुक्त-भटक्यांसाठी महाडीबीटीवर वेगळ्या योजना आहेत. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार, स्वयम् आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहेत. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि मेसवाला दर महिन्याला मागतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची रोकड हाताशी हवी. पुस्तकं आणि हाडांचा संच नवा घेऊ नका, सीनियरकडून घ्या. कर्ज लागलंच तर सावकाराआधी विद्यालक्ष्मी पोर्टल. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात, शिक्षण आणि राहणं सरकारच्या खर्चानं होतं, बदल्यात सैन्यदलात नोकरी करायची. ज्या घरात काहीच नाही तिथं हा रस्ता मला सोन्याचा वाटतो. त्याची नोंदणीही एमसीसीच्याच संकेतस्थळावर करायची असते.

प्रवेश झाला, ॲप्रन अंगावर आला, तरी घरात पहिलं असण्याची गोष्ट संपत नाही. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. फॉर्मालिनच्या वासाची सवय आठवड्यात होते, इंग्रजीची होत नाही. मला व्हायवात उत्तर यायचं, ते मनात मराठीत तयार असायचं, तोंडातून निघायचं नाही. पहिल्या सहामाहीत मी एकही शंका विचारली नाही आणि ॲनाटॉमीत आपटलो. मग हॉस्टेलवर एका सीनियरनं युक्ती सांगितली: चौरसियाच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाचं एक पान घ्यायचं, खोलीचं दार लावायचं आणि भिंतीला मोठ्यानं शिकवायचं, मोडक्या इंग्रजीत. दिवाळीपर्यंत भिंत तयार झाली आणि तिच्यासोबत मीही. पहिलं वर्ष पार करायला चारच संधी असतात. पहिल्याच चाचणीत गडबडलात तर त्या आठवड्यात मेंटॉरला भेटा. प्रत्येक कॉलेजात तो नेमलेला असतो. रॅगिंग झालं, जातीवरून कुणी टोमणे मारले, तर तारखेसह लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

घरच्यांसाठीही दोन शब्द. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर सरकारी कॉलेजवाल्यांना वर्षभराची बंधपत्रित सेवा, नाहीतर दंड. पुढे एमडीची परीक्षा. 'डॉक्टर झालास, आता बहिणीच्या लग्नाचं बघ' हे तिसऱ्या वर्षीच सुरू होतं. जरा थांबा.

आणि नाहीच झालं तर? नीटला वयाची वरची अट नाही, कितीदा बसावं यालाही मर्यादा नाही, आणि हीच मला धोक्याची गोष्ट वाटते. एक रिपीट जरूर करा. दुसरा, गुण चांगले वाढले असतील तरच. तिसऱ्याच्या आधी बीएएमएस, फिजिओथेरपी किंवा बीएस्सी नर्सिंगचा विचार शांतपणे करा. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, फॉर्म वेळेत भरा. माझ्या वॉर्डातली सर्वांत हुशार व्यक्ती सिस्टर आहे, आणि रात्री दोन वाजता मी तिचंच ऐकतो.

ती मुलगी रिपीट करतेय. तालुक्याच्या अभ्यासिकेत सकाळी सातला येते. नोव्हेंबरात बाप पुन्हा ओपीडीत आला, या वेळी पेढे नव्हते. सिमेंटच्या पोत्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये शेजारच्या तालुक्यातून काढलेली कोतवाल बुकाची नक्कल. मोडीतली. एका निवृत्त गुरुजींनी ती खाली पेन्सिलनं देवनागरीत लिहून दिली होती: त्याच्या आजोबांचं नाव, धनगर, मुलगा.

"ह्यात माझ्या बापाचं नावच न्हाई. मग ह्यो माझा बाप कशावरनं?"

"त्यासाठीच वंशावळ."

प्रिस्क्रिप्शनच्या पॅडचा कोरा कागद उलटा करून मुलीपुढे ठेवला. तिनं वर पणजोबांचं नाव लिहिलं, रेघ ओढली, आजोबा, पुन्हा रेघ, चुलते आणि बाप. सर्वांत खाली आल्यावर पेन थांबलं.

"माझं दहावीच्या दाखल्यावर आहे तसंच लिहू?"

"तसंच. वेलांटीसकट."